आयरिस बियांपासून वाढवताना: तुमच्या मातीत काय टिकलं, काय कुजलं?

रानजाई

मंडळी, गेली अकरा वर्षं मी आयरिसचे संकर करते आहे. सुरुवात दाढीवाल्या, म्हणजे झुकत्या पाकळीवर केसाळ दाढी असलेल्या आयरिसपासून झाली, पुढे सायबेरियन आणि स्पुरिया या बिनदाढीच्या आल्या. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली आहे आणि तिच्यासाठीच हा धागा काढतेय: काटक आयरिस तयार मिळत नाही, ती आपल्याच मातीत निवडावी लागते.

पहिल्या वर्षी नावाजलेल्या जातींचे सात गड्डे लावले होते. यादीत प्रत्येकीपुढे 'अतिशय काटक' असं लिहिलेलं. तिसऱ्या वर्षी उन्हाळाभर पाऊस लागून राहिला आणि सातातल्या दोनच उरल्या. त्या दोघींचा एकमेकींशी संकर केला. बोंडात चौतीस बिया निघाल्या, एकवीस रुजल्या, आणि त्यातली सहा रोपं आजही त्याच वाफ्यात आहेत. आईबापांपैकी एक मात्र नंतर गेली. लेकरं टिकली, कारण ती या मातीतच उगवली आणि जी टिकणार नव्हती ती रोपावस्थेतच गळली.

'काटक' हा शब्द आपण फार सैल वापरतो. कडाक्याची थंडी सोसणारी आयरिस ओल्या उन्हाळ्यात कुजू शकते. जमीन एकदा गोठली की वसंतापर्यंत गोठलेलीच राहते तिथे मजेत जगणारी जात, रोज गोठणं आणि वितळणं चालतं तिथे मुळासकट वर ढकलली जाते. आणि हिवाळा उबदार असेल तर तीच जात वर्षानुवर्षं नुसती पानं काढते. चार वेगळ्या परीक्षा आहेत या. एकीत पास झालेलं रोप दुसरीत नापास होतं, त्यात रोपाचा दोष नसतो.

निवडीबद्दल माझा एकच कडक नियम आहे. पहिल्या फुलावर निकाल द्यायचा नाही. दाढीवाल्या आयरिसच्या गड्ड्याला फूल एकदाच येतं. त्याच्या कडेला जे फुटवे आलेले असतात ते पुढच्या वर्षी फुलतात. म्हणून फूल उमललं की मी आधी खाली वाकून फुटवे मोजते. दांडा देखणा आणि बाजूला एकही फुटवा नाही, असं रोप फुलून संपतं. तीन-चार फुटवे, पानं बुडापासून स्वच्छ, दांडा वाऱ्यात सरळ, अशी रोपं ठेवते. रंग त्यानंतर. माझ्याकडे एक करड्या जांभळ्या रंगाचं रोप आहे, कुणी मान वळवून बघणार नाही असं. पण त्याच्या बिया ज्या वाफ्यात टाकल्या तिथे त्याची लेकरं उभी राहिली. माझ्या जवळजवळ प्रत्येक संकरात आज त्याचा अंश आहे.

तुमची माती कशी आहे आणि तिच्यात कोण टिकलं, तेवढं जरूर लिहा. जे मेलं तेही लिहा. त्याचा उपयोग जास्त होतो.

काळीभोर

मनापासून पटलं. माझी माती काळी, चिकण, चुन्याचं प्रमाण भरपूर, सामू (pH) आठच्या आसपास. ओली झाली की बुटाला चिकटते आणि सुकली की भेगा पडतात, त्यात अख्खी बोटं जातात.

जपानी आयरिस, म्हणजे एन्साटा, मी तीनदा लावली आणि तिन्ही वेळा पानं पिवळी पडून गेली. शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा पिवळा. मातीत लोह असतं, पण चुनखडीत ते रोपाला उचलता येत नाही. पानांवर लोह फवारलं की महिनाभर हिरवेपणा येतो, पुन्हा तेच. चौथ्यांदा लावणार नाही.

याउलट स्पुरियांनी कमाल केली. ओरिएंटालिस आणि तिच्यापासून झालेल्या जाती कमरेपेक्षा उंच जातात, या जड मातीत मूळ घट्ट धरतात आणि फुलून झाल्यावर कडक उन्हाळ्यात पानं वाळवून झोपी जातात. तेव्हा पाणी द्यायचं नाही. एक मात्र लक्षात ठेवा: स्पुरियाचा गड्डा उचलल्यावर मुळं सुकू द्यायची नाहीत. दाढीवाली आयरिस सावलीत कितीतरी दिवस उघडी राहिली तरी जगते, स्पुरिया तसं चालवून घेत नाही. लावल्यावर पहिलं वर्ष, कधी दुसरंही, ती रुसल्यासारखी बसते. धीर सोडून उकरू नका.

रानजाई, दाढीवाल्या मात्र माझ्याकडे गड्ड्यापासून कुजतात. वाळू मिसळून पाहिली.

रानजाई

@काळीभोर, चिकणमातीत थोडी बारीक वाळू मिसळली की वीट तयार होते. मीही ते करून बसले आहे. माती बदलण्याच्या मागे न लागता उंची बदला. वीतभर उंच गादीवाफा, त्यात तुमचीच माती, चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि जाड खडी. गड्ड्याची पाठ उन्हात दिसली पाहिजे, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडलेली. ऊन फारच भाजणारं असेल तर वर बोटभर मातीचा पातळ थर चालतो, त्याहून जास्त नको. आणि नत्र हात राखून द्या. ताजं शेणखत किंवा हिरवळीचं खत गड्ड्याला लागलं की पानं लुसलुशीत होतात आणि कूज अशा रोपाला आधी धरते.

हिमकण

माझ्याकडे हिवाळा लांब आणि पांढरा. बर्फ पडलेला असतो तोवर मला काळजी नसते, तो गोधडीचं काम करतो. काळजी असते बर्फाविना आलेल्या थंडीची आणि हिवाळ्याच्या शेवटी दिवसा वितळून रात्री गोठणाऱ्या जमिनीची. पहिल्याच वर्षी सकाळी बघितलं तर नवे लावलेले गड्डे अर्धे बाहेर, मुळं तुटलेली, दोऱ्यासारखी लोंबत होती. तेव्हापासून लावणी पहिल्या कडक थंडीच्या निदान दीड-दोन महिने आधी उरकते, म्हणजे मुळं धरतात. आच्छादन जमीन गोठल्यानंतर घालते. सूचिपर्णी झाडांच्या फांद्या उत्तम, हवा खेळती राहते. ओली पानं गड्ड्यावर दडपली तर वसंतात खाली चिखल सापडतो.

उंच जातींपैकी निम्म्या माझ्याकडे दर दोन-तीन वर्षांनी जातात. बुटक्या दाढीवाल्या मात्र कधीच गेल्या नाहीत. वीतभर ते हातभर उंचीच्या, सगळ्यात आधी फुलणाऱ्या. त्यांच्यात प्युमिला या बुटक्या रानटी आयरिसचं रक्त आहे आणि प्युमिला गवताळ, उघड्या, थंड प्रदेशातली.

या बुटक्यांची जन्मकथा मला फार आवडते. पॉल कुक इंडियानात आयरिस वाढवायचे आणि गेडीस डग्लस त्यांच्या दक्षिणेला टेनेसीत. उंच आयरिसचा आणि प्युमिलाचा संकर करायचा तर अडचण अशी की एकाच बागेत प्युमिला आधी फुलून जाते आणि उंच आयरिस मागून येते. पण टेनेसीत वसंत आधी पोहोचतो. तिथे उंच आयरिस उमलायची तेव्हा इंडियानात प्युमिला फुललेली असायची. दोघांनी एकमेकांना टपालाने पराग पाठवले. 1951 मध्ये त्यातून निघालेल्या पहिल्या जाती बाहेर आल्या, कुक यांची 'ग्रीन स्पॉट' त्यातलीच. हवामानातला फरक अडथळा होता, तोच त्यांनी कामाला लावला.

नवी_पालवी

सगळं वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. माझ्याकडे दाढीवाल्या तीन जाती आहेत, तिन्ही तीन वर्षं टिकल्या आहेत. संकर प्रत्यक्ष कसा करायचा ते कुणी हात धरून सांगेल का? या वसंतात ब्रशने पराग फासून पाहिले, एकही बोंड धरलं नाही.

रानजाई

@नवी_पालवी, ब्रश ठेवून दे आणि बारीक टोकाचा चिमटा घे.

फूल जवळून बघ. तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली झुकलेल्या, झुकत्या पाकळीवर केसाळ दाढी. दाढीच्या आतल्या टोकावर छपरासारखा एक पाकळीसारखाच भाग येतो, टोकाला दुभंगलेला. ती स्त्रीकेसराची बाहू. तिच्या पोटाशी पुंकेसर चिकटून असतो. आणि त्या छपराच्या खालच्या बाजूला, टोकाच्या जरा मागे, एक छोटा आडवा ओठ असतो. नीट बघितल्याशिवाय दिसत नाही. पराग तिथेच लागायला हवा, वरच्या चमकदार भागावर फासून काही होत नाही. तुझं बहुधा तिथेच चुकलं असेल. फूल ताजं असेल तेव्हा हा ओठ जरा बाहेर वळलेला आणि किंचित चिकट असतो, तीच वेळ साधायची.

सकाळी दव सुकल्यावर जा. ज्या फुलाला आई करायचं त्याचे पुंकेसर आधी काढून टाक आणि झुकत्या पाकळ्याही खुडून टाक. मधमाशीला उतरायला ओटा राहत नाही. मग बापाचा पुंकेसर चिमट्यात धरून त्या ओठावर हलकेच घास, तिन्ही बाहूंना. पराग मोकळा, पिठासारखा सुटला पाहिजे. पावसाचं पाणी लागलेला पराग फुकट जातो, त्यामुळे पावसाची चिन्हं असतील तर आदल्या संध्याकाळी उमलू पाहणारी कळी तोडून घरात आणून ठेव. पराग साठवायचा असेल तर पुंकेसर कागदावर सुकवून, कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये. कोरडेपणा महत्त्वाचा.

चिठ्ठी त्याच क्षणी बांध. आईचं नाव आधी, मग गुणिलेची खूण, मग बापाचं नाव, आणि तारीख. 'लक्षात राहील' म्हणून सोडलेली बोंडं माझ्याकडे दरवर्षी एकदोन निघायची, त्या बियांचा पुढे काही उपयोग होत नाही.

दहा दिवसांत फुलाच्या मागचा भाग फुगू लागला तर बोंड धरलं समज. पिवळं पडून गळलं तर नाही. पिकायला दोन महिने ते अडीच. टोकाला तपकिरी होऊन चीर पडायला लागली की काढ. थांबलीस तर बिया वाफ्यात सांडतात आणि कुणाचं लेकरू कुठलं ते कळत नाही.

बीजगणित

रानजाईंनी हाताची बाजू सांगितली, मी थोडी आतली सांगतो. त्याने पुष्कळ निराशा वाचते.

जुन्या दाढीवाल्या बागायती जाती बहुतेक पॅलिडा आणि व्हेरिएगाटा या दोन युरोपीय आयरिसपासून झालेल्या. दोघींची गुणसूत्रं 24. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर यांनी आशिया मायनर आणि त्या पट्ट्यातून मोठ्या फुलांच्या आयरिस मागवून संकराला घेतल्या. त्या 48 गुणसूत्रांच्या निघाल्या, हे मात्र पुष्कळ नंतर कळलं. आजच्या उंच दाढीवाल्यांची रुंद पाकळी आणि जाड पोत तिथून आला. पण त्यासोबत उबदार प्रदेशाचं नाजूकपणही आलं. मेसोपोटामिका या त्यांतल्याच एका आयरिसच्या वंशातल्या कॅलिफोर्नियातल्या सुरुवातीच्या जाती तिथे डौलात वाढायच्या आणि कडक हिवाळ्याच्या भागात खचायच्या. नेब्रास्कातल्या हान्स आणि जेकब सास या भावांनी आपल्या बोचऱ्या थंडीतच रोपं वाढवून निवड केली आणि त्यांच्या काटक जातींनी मध्य अमेरिकेतल्या बागा भरल्या. हान्स सास यांच्या 'रामेसीस'ला 1932 मध्ये डाइक्स पदक, म्हणजे आयरिसचा सर्वोच्च मान, मिळालं. म्हणजे रानजाई वाफ्यात जे सांगतायत ते शंभर वर्षांपूर्वीही असंच घडलं होतं.

आता हिशेब. उंच आयरिस 48, म्हणजे परागात किंवा बीजांडात 24. प्युमिला 32, तिच्याकडून 16. लेकराकडे 40. त्यात बारा-बाराचे दोन संच आणि आठ-आठचे दोन, प्रत्येकाला जोडीदार आहे, म्हणून ती रोपं बीज धरतात. पण ही 40 ची बुटकी पुन्हा उंच आयरिसशी जोडली तर 24 आणि 20 मिळून 44. बारांचे तीन संच आणि आठचा एकटा. जोड्या लागत नाहीत, म्हणून मध्यम उंचीची ही रोपं फुलतात छान, पण बोंड क्वचितच धरतात. नवी_पालवी, तुझ्या तिघींपैकी एखादी मध्यम उंचीची असेल तर ब्रशचा दोष नसेलही.

सायबेरियनमध्येही अशीच फाळणी आहे. सिबिरिका आणि सँग्विनिया 28 च्या, तर क्रायसोग्राफिस, फॉरेस्टी वगैरे हिमालय-युनान पट्ट्यातल्या 40 च्या. पहिल्या गटातल्या आपसात सहज जुळतात, एका गटाची दुसऱ्याशी नाही.

पाणवठा

माझ्याकडे सगळं उलट आहे. तळ्याचा काठ, आम्ल, काळसर, कुजक्या पानांची माती, सामू साडेपाचच्या आसपास. काळीभोर यांच्याकडे मेलेली एन्साटा इथे कंबरेएवढी होते, फूल ताटलीएवढं. पण तिलाही शिस्त लागते. वाढीच्या दिवसांत पाण्यात उभी राहिली तर आनंद, हिवाळ्यात मात्र बुडालेली नको. तिची नवी मुळं दरवर्षी जुन्यांच्या वर येतात, म्हणून तीन-चार वर्षांनी गड्डा जणू मातीबाहेर चढतो. तेव्हा उचलून, वाटून, पुन्हा खोल लावायचा. तसं न केल्याने माझा सर्वांत जुना ताटवा दोन वर्षांत खंगला.

लुइझियाना आयरिसही जोरात आहेत. दाढीवाल्यांची सवय असलेल्यांनी इथे जपावं. त्यांचा गड्डा उघडा ठेवला तर उन्हाने भाजतो. जाड आच्छादन हवंच. एकीला जे अमृत तेच दुसरीला विष.

आणि एक कळकळीची विनंती. स्यूडाकोरस, म्हणजे पिवळी पाणआयरिस, ओढ्याकाठी लावू नका. तिच्या बिया तरंगत जातात आणि गड्ड्याचा तुकडाही खाली कुठेतरी मूळ धरतो. उत्तर अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये तिने पाणथळी व्यापून टाकल्या आहेत. मी ती संकरापुरती बंद टाकीत ठेवते आणि बोंडं हिरवी असतानाच कापते. एन्साटाशी तिचा संकर झालेली पिवळी फुलं, दाढीच्या जागी पापणीसारखी गडद रेघ असलेली, डोळ्यांचं पारणं फेडतात. बहुतेक वांझ असतात, त्यामुळे पसरण्याची भीती नाही.

दक्षिणवारा

उबदार हिवाळ्याच्या लोकांसाठी काही आशा आहे का? पाच वर्षं दाढीवाल्या सांभाळतोय. पानं सुरेख. फूल एकदा.

रानजाई

@दक्षिणवारा, बहुतेक दाढीवाल्यांना फुलाची कळी धरायला थंडीचे काही आठवडे लागतात. ते मिळाले नाहीत तर कितीही खत घाला, दांडा येत नाही. तुमच्याकडून चूक झालेली नाही. पाणवठाने सांगितलेल्या लुइझियाना बघा. डोमेस्टिका बघा, हिला पूर्वी बेलाम्कँडा म्हणायचे, 2005 मध्ये ती आयरिसमध्ये घेतली. केशरी फुलांवर लाल ठिपके, बियांपासून पुढच्याच वर्षी फुलू शकते. डायकोटोमा या दुसऱ्या आयरिसशी तिचे संकर फार रंगीबेरंगी होतात. पांढरी अल्बिकान्स ही जुनी वांझ आयरिस सौम्य हिवाळ्यात फुलते, पण तिच्यापासून बी मिळणार नाही. माती चुनखडीची आणि उन्हाळा कोरडा असेल तर उंगुइक्युलारिस ऐन हिवाळ्यात फुलते.

बी रुजवायला मात्र दाढीवाल्यांनाही थंडीच लागते. ओलसर वाळूत मिसळून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवा, बुरशी येतेय का ते बघत राहा. आमच्याकडे मी शरद ऋतूत कुंडीत पेरून बाहेरच सोडते. कुंडी फेकायची घाई करू नका. पहिल्या वसंतात चार उगवलेल्या कुंडीतून दुसऱ्या वसंतात अकरा रोपं आली, हे मी स्वतः मोजलं आहे.

काळीभोर

एक प्रामाणिक शंका. ज्याच्याकडे चार वाफे आहेत त्याने शंभर रोपं तीन-तीन वर्षं कशी सांभाळायची? त्यापेक्षा आपल्यासारख्याच मातीत कुणी पारखलेली जात मागून घेणं शहाणपणाचं नाही का?

रानजाई

बाग सजवायची असेल तर तुमचंच बरोबर. शेजारच्या वाफ्यात टिकलेला गड्डा यादीतल्या दहा नावांपेक्षा मोलाचा. पण संकर करायचा असेल तर शंभर रोपं लागत नाहीत. दोन्ही आईबाप आपल्याकडे टिकलेले असले तर पंधरा-वीस रोपांतही एखादं चांगलं निघतं. एक आईबाप नाजूक आणि देखणा घेतला तर मग संख्या वाढवावी लागते.

हिमकण

कुजीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मऊ कूज जिवाणूची असते आणि ती जखमेतून आत शिरते. पान ओढल्यावर सहज हातात आलं आणि घाण वास आला तर त्याच दिवशी उकरा. मी जुन्या चमच्याने सगळा मऊ, दुधट भाग खरवडते, घट्ट पांढरा गर लागेपर्यंत. मग नऊ भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच, त्यात काही मिनिटं बुडवून दोन दिवस उन्हात सुकवते. कापलेल्या जागेवर खपली धरली की नव्या जागी लावते. चमचा आणि चाकूही त्याच पाण्यातून काढायचा, नाहीतर आपणच रोग वाटत फिरतो.

पुन्हा फुलणाऱ्या जातींबद्दल रानजाईंचं मत वाचायला आवडेल. 'इम्मॉर्टॅलिटी' माझ्याकडे शरदात दांडा काढते आणि उमलायच्या आधी हिमदव मारतं.

रानजाई

@हिमकण, 'इम्मॉर्टॅलिटी' 1982 ची, आणि दुसऱ्या बहराबद्दल तिचं नाव झालं ते मोठा हंगाम मिळतो तिथे. तुमच्याकडे दोन-तीन आठवडे कमी पडतात. मी तुमच्या जागी असते तर तिचा पराग तुमच्या लवकर फुलणाऱ्या बुटक्यांवर लावला असता. बीजगणित म्हणतात तशी 44 ची रोपं येतील, पुढची पिढी बहुधा नाही. पण दांडा आखूड आणि लवकर, हिमदवाआधी उमलण्याची शक्यता बरीच.

आता मुद्द्याचं. कुक आणि डग्लस यांची गोष्ट वाचल्यापासून डोक्यात आहे. माझ्या करड्या रोपावर या वसंतात 'इम्मॉर्टॅलिटी'चा पराग लावला होता, कालच बोंड काढलं. बेचाळीस बिया. मी बारा ठेवते. उरलेल्या तीस काळीभोर, हिमकण आणि बीजगणित यांना दहा-दहा. पाणवठा, तुमच्या आम्ल ओलीत दाढीवाली तग धरणार नाही, म्हणून तुम्हाला सायबेरियनचं वेगळं बोंड. बी सरहद्दीपार जाणार असेल तर तिथले वनस्पती आयातीचे नियम आधी बघा, परवाना लागत असेल तर थांबू.

तिसऱ्या वसंतात प्रत्येकाने तीन आकडे लिहायचे: किती रुजल्या, किती उरल्या, आणि फुललेल्या प्रत्येक रोपाला किती फुटवे.

काळीभोर

गादीवाफा आजच आखला. बिया पाठवा.

बीजगणित

माझी माती मुरमाड आणि उथळ आहे, हिवाळा मध्यम. पाकिटावर बोंड काढल्याची तारीखही टाका, किती दिवस सुकवलं तेही.

रानजाई

टाकते. आज तिसरा दिवस, अजून चार दिवस कागदावर पसरलेल्या राहतील. बेचाळीसातल्या दोन पोचट निघाल्या, त्यामुळे माझ्याकडे दहा.

नवी_पालवी

आज दुपारी वाळलेला दांडा कापताना नीट बघितलं. मी ब्रश फिरवला होता ते फूल नव्हे, त्याच्याच खालचं, ज्याला मी हातही लावला नव्हता, त्यावर एक बोंड आहे. कुठल्या माशीने केलं कोण जाणे. टोकाला तपकिरी झालंय, चीर अजून नाही. यावर चिठ्ठी काय लिहू?

रानजाई

आईचं नाव लिही, गुणिलेची खूण कर आणि पुढे 'खुलं परागण' लिही. आजपासून रोज सकाळी बघ. चीर पडायच्या आधी जाळीची पिशवी बांध.